ब्रेकवरचा पाय

पाय ब्रेकवर आहे की नाही, हे त्याला खाली वाकून बघावं लागलं. उतारावरचं दुसरं वळण, पाठीमागे चाळीसेक माणसं, आणि ड्रायव्हरची नजर रस्त्यावर नाही. उजवा बूट ब्रेकवरून घसरून ॲक्सिलरेटरच्या कडेला टेकला होता. तो उचलून जागेवर आणला आणि वर पाहिलं, तर समोर बंद पडलेला ट्रक. त्याने जीव खाऊन पाय दाबला. बस करकचून थांबली. काच आणि ट्रकची मागची फळी यांच्यात हातभर अंतर राहिलं.

मागे एकच आरडाओरडा झाला.

"झोपला होता काय हो?" कुणीतरी ओरडलं.

"ट्रकवाल्यानं मागं एक दगडसुद्धा ठेवला नाही, त्याला विचारा!" कंडक्टर तेवढ्याच जोरात म्हणाला. दहा वर्षं तो या ड्रायव्हरच्याच जोडीला होता. मग पुढे येऊन त्याने आवाज खाली आणला. "दादा, काय झालं?"

"पाय कळेना रे."

आतड्याचा कॅन्सर निघाला त्याला पाच महिने झाले होते. किमोच्या बारापैकी आठ फेऱ्या पार पडल्या होत्या. उलट्या, तोंडातले फोड, थंड पाण्याने बोटांना बसणारे झटके, सगळं त्याने डॉक्टरांना सांगितलं होतं. पायाचं तेवढं गिळलं. मागच्या महिन्यात दारातच त्याची चप्पल पायातून निसटली आणि हा पठ्ठ्या एका चपलेवर कोपऱ्यापर्यंत गेला. बायको दुसरी चप्पल हातात घेऊन मागून धावत आली होती.

"अहो, आता तरी सांगा डॉक्टरांना."

"आणि घरी बसू? सव्वीस वर्षं स्टिअरिंग धरलंय. दिवसभर भिंतीकडं बघत बसलो तर कॅन्सरच्या आधी त्यानंच मरीन."

डॉक्टर दर वेळी विचारायचे, "पायांना बधिरपणा?" तो म्हणायचा, "छे, अजिबात नाही." बायको शेजारी मान खाली घालून बसायची. ड्युटीवर जायला हरकत नसल्याचा कागद त्याने असाच मिळवला होता.

"डेपो इथून चार किलोमीटर," कंडक्टर कुजबुजला. "पुढं सपाटच आहे. मी शेजारी उभा राहतो, हळूहळू काढू. कुणाला पत्ता लागायचा नाही."

त्याचा हात किल्लीकडे गेला. या रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ होता. जमलं असतं. त्याने सवयीने आरशात पाहिलं. तिसऱ्या सीटवर एक बाई मुलीच्या कपाळावर रुमाल दाबून धरत होती. मुलगी रडत नव्हती, आरशातून थेट त्याच्याकडे बघत होती.

त्याने इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला, पुन्हा एकदा ओढून पाहिला आणि दांडीला धरून उभा राहिला.

"गाडीत काही दोष नाही," तो म्हणाला. "कॅन्सरच्या औषधानं माझा पाय बधिर झालाय. मी ते लपवलं. दुसरा ड्रायव्हर बोलावतो, तोवर गाडी हलणार नाही."

मग मघाचाच माणूस म्हणाला, पण आता न ओरडता, "मग चढलातच कशाला गाडीवर?"

त्याने किल्ली काढून कंडक्टरच्या हातात ठेवली, मुलीपाशी जाऊन कपाळावरचं टेंगूळ पाहिलं आणि तिच्या आईला म्हणाला, "चूक माझी आहे, ताई." आईने मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी तो बायकोबरोबर दवाखान्यात गेला आणि विचारायच्या आधीच सगळं सांगून मोकळा झाला. डॉक्टर रागावले नाहीत. औषधाचा डोस कमी करू म्हणाले, गाडी मात्र बंद. "पाय पूर्ववत होतील?" त्याने विचारलं. "बऱ्याच जणांचे सुधारतात. महिने लागतात. आत्ता काही सांगता येत नाही."

मग त्यांनी त्याला टेबलावर झोपवलं, मोजे काढायला लावले आणि एक बोथट टाचणी घेतली.

"डोळे मिटा. टोचलं की 'हो' म्हणा."

त्याने डोळे मिटले. कान देऊन, श्वास धरून तो वाट पाहत राहिला. खोलीत कुणीच बोलेना.

"करा ना सुरू," तो शेवटी म्हणाला.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही पाय झाले."

बायको पुढे आली आणि त्याच्या पायांत मोजे चढवू लागली.