तांब्याच्या पत्र्यातलं छिद्र

शेंदूरजनाघाटच्या बाहेर, मंडप टाकलेल्या मैदानात, रविवारी सकाळी अकराच्या उन्हात चारशे माणसं माना उंचावून बसली होती. मंडपाच्या टोकाला एक पांढरा फळा उभा होता. त्यावर ठसठशीत काळ्या अक्षरांत आठ ओळींचं स्तोत्र. वरची ओळ मोठी, खालची प्रत्येक ओळ तिच्याहून बारीक. माझ्या तपासणीच्या खोलीत असाच तक्ता आहे, फक्त त्यावर देवाचं नाव नाही.

मी संघपाल तायडे, ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी. डोळे तपासायचे, नंबर काढायचा आणि मोतीबिंदू दिसला की अमरावतीला पाठवायचं, हे माझं काम. त्या महिन्यात मी यादीत घातलेल्या अकरा जणांनी ऑपरेशनला जायचं नाकारलं. 'महाराज बिनाआप्रेशनचं करून देते,' असं सगळ्यांचं एकच उत्तर. म्हणून मी ते महाराज बघायला आलो होतो.

दिव्यदृष्टी महाराज व्यासपीठावर आले. चाळिशीचे, भगव्या रेशमी कफनीतले, आणि नाकावर सोनेरी काड्यांचा चष्मा. चारशे माणसांत एकालाही तो चष्मा खटकला नाही. इतकी सगळ्यांची दृष्टी गेलेली होती.

"माते, कोणता नेत्र?" महाराजांनी पहिल्या बाईला विचारलं.

ती पार्बताबाई होती. संत्र्याच्या पॅकिंग शेडवर तीस वर्षं प्रतवारी करणारी. साल बघून फळ किती दिवस टिकेल ते सांगायची, आणि पंचवीस बायका तिच्या हाताखाली. महाराजांनी पहिला मान तिला उगीच दिला नव्हता.

"उजवा, महाराज. तीन वर्सं झाले आप्रेशनले. उजेड दिसते, पण अक्षर फाटल्यावानी दिसते. एकाचे दोन."

"डॉक्टरानं भिंग वाकडं बसवलं!" महाराज गरजले. "लोखंड लागलेला नेत्र रुसतो, माते. आम्ही हात न लावता मंत्रानं भिंग फिरवतो. फिर रे भिंगा, हट रे तिमिरा! आता या सूक्ष्म द्वारातून बघ. यातून तू नाही, आदिशक्ती बघते."

त्यांनी तिच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि उजव्यापुढे तांब्याचा पत्रा धरला. पत्र्याच्या मधोमध मोहरीहून बारीक छिद्र. पार्बताबाईनं पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. सहाव्या ओळीपर्यंत अडखळत गेली आणि तिला रडू कोसळलं. मंडपात जयजयकार सुरू झाला.

मला हसू आलं. तसलीच एक काळी छिद्रांची पट्टी माझ्या पेटीत आहे. ती मी रोज वीसेक जणांच्या डोळ्यांपुढे धरतो आणि माझ्या नावानं अजून कोणी घोषणा दिलेली नाही.

पण पुढचं बघून हसू विरलं. महाराज माणसं निवडून वर घेत होते. ऑपरेशन झालेले, चष्म्याचा नंबर असलेले, असेच. ज्यांच्या बाहुलीत मोतीबिंदू पांढराफटक पिकला होता, त्यांना ते खालूनच परत पाठवत. नत्थुजी ढोक हे त्यांतले एक. त्यांचा डावा डोळा पिकला होता.

"तुझं पूर्वकर्म घट्ट आहे," महाराज म्हणाले. "हे नेत्रामृत एक्केचाळीस दिवस घाल. डॉक्टरची पायरी चढलास तर अमृताचं विष होईल."

मी नत्थुजींना बाहेर गाठलं. "काका, हे डोळ्यात घालू नका. वीस मिनिटांचं ऑपरेशन आहे."

"संघपालभाऊ, तुमच्या सुईले मी भेतो. हे तं नुसते थेंब हायेत."

तिथेच मंडपात उभं राहून मी ओरडायला हवं होतं. चारशे भक्तांसमोर एकट्याची हिंमत झाली नाही. हे मी लपवणार नाही.

दहाव्या दिवशी सुनेनं नत्थुजींना रुग्णालयात आणलं. डोळा सुजून बंद झाला होता. पापणी उघडली तर बुबुळावर पांढरा व्रण आणि पू. त्याच तासाला त्यांना अमरावतीला पाठवलं. अमृत म्हणजे मध, कुठल्याशा पाल्याचा रस आणि न धुतलेल्या बाटलीतली घाण. पिकलेला मोतीबिंदू काढून जो डोळा सहज परत मिळाला असता, तो कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाई तणतणत माझ्या खोलीत आली. "काय जी, तुमच्या डाक्टरायनं नत्थुजीचा डोया घालवला ना? महाराज म्हनते, पायरी चढला म्हून झालं."

मी वाद घातला नाही. तिला खुर्चीवर बसवलं, डावा डोळा झाकला आणि उजव्यापुढे माझी काळी पट्टी धरली. तिनं समोरचा तक्ता सहाव्या ओळीपर्यंत वाचला. मग पट्टी हातात घेऊन उलटसुलट बघत राहिली.

"हे तं त्याचंच हाय."

"त्याचं नाही, सरकारी आहे. आता बाजूला करून वाचा."

"फाटलं परत." तिनं पट्टी पुन्हा डोळ्यापुढे धरली, पुन्हा काढली. "असं काहून होते?"

"एक संत्रं गोल असतं, एक दोन बाजूंनी जरासं दाबलेलं असतं. तुमच्या बुबुळाचा आकार दाबलेल्या संत्र्यासारखा आहे. म्हणून आत जाणारा उजेड एका जागी जमत नाही, पसरतो. बारीक छिद्र पसरणारा उजेड बाहेरच अडवतं, तेवढ्यापुरतं अक्षर नीट दिसतं. डोळ्यात काहीच बदललेलं नसतं."

"आन् भिंग फिरवलं म्हनते तो?"

"तुमच्या डोळ्यातलं भिंग साधं आहे, सगळीकडून सारखं. ताटलीसारखं. गोल ताटली फिरवून काय फरक पडणार? तुम्हाला ऑपरेशननंतर चष्मा दिला होता, तिरप्या नंबरचा. तो कुठाय?"

"ट्रंकीत. आप्रेशन झाल्यावर चष्मा कायले लावाव, असं वाटलं."

ही चूक तिची नव्हती. चष्म्याचा कागद मीच तिच्या हातात दिला होता आणि समजावून न सांगता पुढच्याला हाक मारली होती. मी तसं कबूल केलं. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"मी रडली ना त्याच्यासमोर," ती म्हणाली. "माह्यं रडनं पाहून नत्थुजीनं बाटली घेतली."

रविवारी ती मंडपात गेली ती पंचवीस बायका घेऊन. मीही या खेपेला पुढे उभा राहिलो. महाराजांनी तांब्याचा पत्रा उचलला, तशी पार्बताबाई उठली.

"थांबा महाराज. आज आमची आदिशक्ती पाहा."

बायकांनी संत्र्याच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून दाभणानं छिद्रं पाडून आणली होती. ते तुकडे रांगारांगांतून वाटले गेले. क्षणभर सगळा मंडप एक डोळा मिटून पुठ्ठ्यातून बघत होता. मग मागच्या रांगेतून एकानं चौथी ओळ मोठ्यानं वाचली. दुसऱ्यानं पाचवी. हशा उसळला.

महाराज डगमगले नाहीत. "पाहिलंत? आमची नजर पडताच पुठ्ठ्यातही शक्ती उतरली!"

"हे पुठ्ठे काल रात्री माह्या घरी कापले," पार्बताबाई म्हणाली. "तवा तुमची नजर कोठी होती? बरं, शक्ती हाय ना तुमच्यात? मंग तो चष्मा काढा आन् तुमच्याच फळ्यावरची शेवटची ओळ वाचा."

महाराज चष्मा काढेनात. म्हणाले, हा चष्मा जगाचं पाप गाळण्यासाठी आहे. त्यावर मंडपात असा काही हशा झाला की त्यांचे शिष्यही तोंड लपवू लागले. पण अमरावतीहून परतलेले, डोळ्यावर पट्टी बांधलेले नत्थुजी सुनेचा हात धरून पुढे आले, तेव्हा कोणी हसलं नाही.

"महाराज, माह्या डोयाचं काय?" त्यांनी एवढंच विचारलं.

"पूर्वकर्म," महाराज पुटपुटले आणि मोटारीकडे वळले. मोटारीभोवती लोक उभे होते, आणि ठाण्यातले दोन शिपाईही. नत्थुजींच्या सुनेनं जादूटोणाविरोधी कायद्याखाली आदल्या दिवशीच तक्रार दिली होती. उरलेल्या बाटल्या जप्त झाल्या.

पार्बताबाईच्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता, त्याचं पुढच्या महिन्यात अमरावतीला ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टर माधवी यांनी बुबुळाची मापं काढली आणि या डोळ्यात टोरिक भिंग घालायचं ठरवलं. बुबुळाचा वाकडेपणा भरून काढेल असा उतार त्या भिंगातच घडवलेला असतो. ते मात्र नेमक्या दिशेला बसावं लागतं. म्हणून ऑपरेशनआधी पार्बताबाईला सरळ बसवून डोळ्यावर शाईनं खुणा केल्या, कारण आडवं झाल्यावर डोळा किंचित फिरतो. भिंगावरचे ठिपके त्या खुणांशी जुळवले. उजव्या डोळ्यासाठी ट्रंकेतल्या चष्म्याचा नंबर पुन्हा तपासून नवा दिला. आता ती शेडवर सालीवरचा टाचणीएवढा डाग हातभर अंतरावरून दाखवते.

टोरिक भिंग सगळ्यांना लागत नाही. साधं भिंग आणि चष्मा यांवरही पुष्कळांचं छान चालतं. कोणाला काय लागेल ते माप सांगतं, मंत्र नाही. कमी दिसू लागलं तर डोळे तपासून घ्या आणि तपासणाऱ्याला विचारा, हे कशामुळे झालं, यावर उपाय काय, तो कसा चालतो. तुमचा वेळ जाईल, आमचाही जाईल. विचाराच. आम्ही घाईत असलो तर हाताला धरून थांबवा. आणि जो माणूस या प्रश्नांना पाप म्हणतो, त्याच्या हातचा एक थेंबही डोळ्यात घालू नका. नत्थुजी आता उजव्या डोळ्यावर दिवस काढतात. त्यातही मोतीबिंदू उतरू लागलाय. ऑपरेशनची तारीख त्यांनी स्वतः येऊन घेतली आहे.