तेल घातलेलं दार

जगातली प्रत्येक मोठी भीती दारातून आत येते. खिडकीतून येतो तो चोर, फोनवरून येते ती बातमी. भीती मात्र दारातूनच येते आणि येण्याआधी आवाज करते. हा सिद्धांत मी पूर्ण विचारांती मांडतो आहे. आमच्या स्वतःच्या दारातून इतक्या वर्षांत फक्त वरच्या मजल्यावरच्या सुगंधाबाई आल्या, त्याही विरजणाची वाटी घेऊन, एवढा किरकोळ अपवाद वाचकांनी सोडून द्यावा.

मुलुंडच्या आमच्या शरयू सोसायटीत बेल वाजवणं हा उद्धटपणा समजत. दार ढकलायचं आणि आत यायचं. त्यामुळे प्रत्येक दाराचा आवाज सगळ्यांना पाठ होता. तळमजल्याचं दार खाकरायचं, सेक्रेटरी भाऊरावांचं दार फरशीला घासत सुस्कारा सोडायचं. पण सगळ्यांत नामांकित दार राजारामचं. ते वाजलं की चारही मजल्यांना कळायचं, राजाराम कामावरून आला. तो साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता, कायम सेकंड शिफ्टला. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. दार राहिलं. आता तेही जाणार होतं, कारण इमारत पुनर्विकासाला दिली होती आणि महिनाअखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची होती. बिल्डरने नव्या इमारतीचं चित्र जिन्यात लावलं होतं. त्या चित्रात झाडं भरपूर होती, दार एकही दिसत नव्हतं.

राजारामची मुलगी तेजल सिनेमाचं शिकली आणि सिरियलींच्या एडिटिंगला लागली. सासू वळून बघते, ते तीन बाजूंनी तीनदा दाखवायचं, हे तिचं काम. ते तिला पुरे झालं होतं. तिने स्वतःचा एक थ्रिलर लिहिला होता आणि अंधेरीच्या देवव्रत नावाच्या निर्मात्याने तो वाचला होता. निदान हातात धरला होता.

"तो म्हणाला, सुरुवातीची दोन मिनिटं शूट करून दाखव," तेजल मला सांगत होती. "मी घाबरलो तर पिक्चर करू. नाही घाबरलो तर सिरियल कर, त्यात वाईट काही नाही."

"घाबरतो का तो?"

"त्याने आठ-दहा भुताचे पिक्चर काढलेत, काका. म्हणतो, मी आता कशालाच घाबरत नाही."

मी पूर्वी वर्तमानपत्रात लोकांच्या टोप्या उडवायचो. त्यामुळे माझं मत विचारायची सोसायटीत अजून पद्धत आहे. मत घ्यायची नाही. मी विचारलं, "सुरुवात काय आहे?"

"पडदा काळा. काही दिसत नाही. मग दाराखाली उजेडाची एक पट्टी. पट्टीत दोन पायांच्या सावल्या. मग दाराचा आवाज, आणि दार उघडतं. कॅमेरा जमिनीलगत. कारण मी गादीवर असायचे, मला तेवढंच दिसायचं."

"अगं, हा तर राजाराम घरी यायचा तो सीन!"

"हो ना. पण दार वाजल्यापासून बाबा खोकेपर्यंत मला कुठे माहीत असायचं, कोण आलंय ते? तेवढ्या वेळाचा पिक्चर आहे हा."

शहाणपणाचं काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "त्या दाराचा आवाज रेकॉर्ड करून ठेवलायस ना?"

"दार कुठे पळून जातंय, काका?"

शूटिंग रविवारी दुपारी ठरलं. तेजलची आई जया सकाळपासून मानखुर्दला भावाकडे भाड्याची खोली बघायला गेली होती आणि किल्ली रिवाजाप्रमाणे समोरच्या सुगंधाबाईंकडे होती. तेजल, तिचा कॅमेरावाला मित्र सौरभ, कॅमेरा ओढायला भाऊराव आणि कारण नसताना मी, असे आम्ही वर गेलो तर दारात रांगोळी. वर झेंडूचं तोरण. आत सगळ्या ट्यूबलाइट चालू, सोफ्यावर इस्त्रीची चादर, टीपॉयवर फरसाण.

"शूटिंगवाले येणार म्हणून केलंय," सुगंधाबाईंचे यजमान जयवंतराव अभिमानाने म्हणाले.

खुनी माणूस रांगोळी ओलांडून येईल की तुडवून, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी रांगोळी पुसली, तोरण उतरवलं, फरसाण आम्ही संपवलं. मग खिडक्यांना चादरी आणि काळं प्लॅस्टिक लावून सौरभने भरदुपारी रात्र केली. जिन्यात एकच पिवळा दिवा लावला. जमिनीवर पायपुसणं, पायपुसण्यावर कॅमेरा, आणि ते पायपुसणं सुतळीने हळू ओढायला भाऊराव. बाहेर पायांच्या सावल्यांसाठी जयवंतराव, राजारामच्या मापाच्या चपलांत.

सौरभने बटण दाबलं आणि आम्ही सगळे अंधारात श्वास धरून बसलो. मला त्या जमिनीवरून राजारामचं घर पहिल्यांदाच दिसत होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या काचेवर उजेडाचा एक ठिपका. खाली राजारामचा फोटो, तो मात्र अंधारात. दाराखाली पट्टी उजळली. सावल्या आल्या. थांबल्या. माझ्या हातावर काटा आला, कारण आता तो आवाज येणार होता.

दार उघडलं. लोण्यातून सुरी जावी तसं.

"कट!" तेजल ओरडली. "जयवंतकाका, दार नीट ढकला ना!"

"नीटच ढकललं गं! बोट लावलं नि उघडलं!"

त्यांनी पुन्हा ढकललं. पुन्हा ढकललं. दाराने तोंडातून चकार शब्द काढला नाही. सुगंधाबाई पदराला हात पुसत आल्या.

"मगे? वाजात कसा? बिजागऱ्यांक तेल घातलंय मी. खोबरेल. चांगला मुरवलाय सकाळपासून."

"काकू! का?"

"का म्हणजे काय गो? चार लोक येतले आणि दार कुरकुरत ठेवूचा? जयाक नावां ठेवतले ना लोक!"

तेजल दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसली. रडली नाही, पण डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "तो आवाज बाबाचा होता, काकू." सुगंधाबाईंचा चेहरा असा झाला की त्यांच्याकडे बघवेना. त्या तशाच आपल्या घरात गेल्या.

पुढचा तासभर शरयू सोसायटीने एका बिजागरीला गंज चढवायचा प्रयत्न केला. जयवंतरावांनी रॉकेल चोळलं. भाऊरावांनी मिठाचं पाणी शिंपडलं. कुणी भांड्याच्या साबणाने घासून काढलं. बातमी पसरली तसे शेजारी आपापले आवाज घेऊन आले. "आमचं कपाट घे, मस्त करकरतं." "आमचा झोपाळा ऐक, माणूस मेल्यासारखा वाजतो." तेजल कानाला हेडफोन लावून सगळं ऐकत होती आणि मान हलवत होती.

"पण मुळात आवाज होता कसा?" सौरभने विचारलं, आणि वाट लागली.

"कर्रर्र-ईक," भाऊराव तोंडाने काढून म्हणाले.

"छे! ईक कुठून आलं? नुसतं खर्रर्र. खोलवर," जयवंतराव.

"अहो, ईक होतं! मी सेक्रेटरी आहे, मला माहीत आहे!"

"सेक्रेटरीचा दाराशी काय संबंध? पाण्याच्या टाकीचं बोला तुम्ही!"

मग प्रत्येकाने राजारामचं दार तोंडाने वाजवून दाखवलं. पांढऱ्या केसांची सहा-सात माणसं अंधारात बसून एकेक करून कुरकुरत होती. कुणी एखाद्याची नक्कल करून हसत होतं, कुणी मध्येच राजारामची गोष्ट सांगत होतं. गणपतीत लायटिंग फक्त त्याच्याच हाताने लागायची. तो हसायचाही दारासारखाच. त्या गोंधळात जया कधी आली कळलंच नाही. दारात उभी, हातात पिशवी.

"काय चाललंय हे?"

तेजलने सांगितलं. जयाने पिशवी खाली ठेवली.

"गप्प बसा जरा सगळे."

ती चपला न काढताच गादीवर बसली, डोळे मिटले. आधी एक बारीकशी खरखर आली, खांद्याने दार लोटावं तशी. मग काहीच नाही, माणूस चपला काढत असावा तेवढा वेळ. मग लांब, दमलेला, शेवटाला किंचित वर जाणारा आवाज. मला माहीत होतं की तो जयाच्या घशातून येतोय. तरी मी दाराकडे बघितलं.

समोरच्या घरातून सुगंधाबाईंची हाक आली, "राजाराम इलो काय गो?" आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं असावं, कारण पुढे आवाज आला नाही.



"काकू," सौरभ जयाला हळूच म्हणाला, "परत एकदा. मागे कुकरची शिट्टी आली."

जयाने परत केला. तेजलने माइक तिच्या तोंडाशी धरला. रेकॉर्डिंग संपल्यावर म्हणाली, "तू जागी असायचीस? मला वाटायचं तू झोपलेली असतेस."

"मग? तू घाबरून गोधडीत शिरायचीस तेही कळायचं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू झोपेचं सोंग घेतलेलं असायचं. उगाच मोडलं असतं."

तेजलने हेडफोन लावून रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. मग सौरभला म्हणाली, "तेलाचा पहिला टेक पुसलास का?"

"नाही."

"मग ऐक. तीन रात्री दार वाजतं, आईच्या आवाजात. तीनही रात्री मागून खोकला येतो, म्हणजे बाबा. बघणाऱ्याला सवय लागते. चौथ्या रात्री पट्टी येते, सावल्या येतात, दार उघडतं… आणि वाजतच नाही."

भाऊरावांनी सुतळी खाली ठेवली. "अगं, मग आला तो कोण?"

"तेच."

भाऊराव आपली खुर्ची उचलून दारापासून लांब येऊन बसले. सुगंधाबाईंना बोलावून आणलं, सगळं समजावलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे तेल चललां?" तेजलने त्यांना मिठीच मारली.

अंधेरीला देवव्रतच्या ऑफिसात दाखवायला तेजल, जया आणि मी गेलो. छोटी खोली, मोठा पडदा, चारही बाजूंना भुतांची पोस्टरं. देवव्रत हातातला मोबाइल खाली न ठेवताच म्हणाला, "लावा." तेजल भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दिवे गेले.

पहिली रात्र. दार वाजलं, खोकला आला. देवव्रत मेसेज टाइप करत होता. दुसरी रात्र. त्याने एकदा वर बघितलं. तिसऱ्या रात्री खोकला आला तेव्हा तो चक्क हसला. चौथ्या रात्री पट्टी उजळली, सावल्या थांबल्या, आणि तो त्या आवाजाची वाट बघू लागला. दार उघडलं. जयवंतरावांच्या चपला आत आल्या. पडदा काळा झाला.

दिवे लागले. देवव्रतचा मोबाइल मांडीवर उलटा पडला होता. तो तेजलकडे बघत होता. जयाने माझं मनगट घट्ट धरलं. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते.

"कागदपत्रांचं नंतर बघू," तो शेवटी घसा खाकरत म्हणाला. मग माझ्याकडे वळला आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "काका, मला बाथरूमला जायचंय. तुम्ही जरा बाहेर उभे राहाल का?"