राखेने घासलेली सूर्यचूल

मित्रांनो, मी एक जुनी सूर्यचूल. चुलीला जाळ लागतो, मला तोही लागत नाही. तेव्हा माझ्या गोष्टीत फारशी धग सापडेल अशी आशा धरू नका.

नागपुरातल्या एका लहानशा कारखान्यात मी तयार झाले. पत्र्याची पेटी, आत काळा रंगवलेला पत्रा, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा आणि पोटात काळे डबे. उन्हात ठेवले की भात-वरण आपोआप शिजे. आमच्याकडे उन्हाला तोटा नाही, आणि त्याला रेशनकार्डही लागत नाही.

त्र्याऐंशी साली कोराडीच्या वसाहतीत माझे प्रात्यक्षिक झाले. मधुसूदन नावाचे साहेब नीट सांगत होते, "डबे आणि आतला पत्रा काळाच राहिला पाहिजे. काळा रंग ऊन धरतो." पुढे सगळी पुरुषमंडळी. ज्यांनी जन्मात चूल फुंकली नव्हती, तेच माना डोलावत होते. चंद्रभान तर माझ्यात भाजलेले शेंगदाणे खाण्यात गुंग होता. ते संपल्यावर त्याने मला घरी नेले.

चंद्रभान वीजघरात कामाला. साऱ्या मुलखाला वीज पुरवणाऱ्याच्या घरी बायको मात्र कोळशाची शेगडी फुंकत होती आणि रॉकेलच्या रांगेत उभी राहत होती. तिचे नाव वच्छला. तिला बालवाडी शिक्षिकेच्या वर्गाला जायचे होते. वर्ग नागपूरला, बस भल्या सकाळी, आणि नळाला पाणीही त्याच सुमाराला; ते भरून शेगडी पेटवायला वेळ उरत नसे. सासू तुळसाबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन झालेले. धुराजवळ बसायला डॉक्टरांची मनाई. म्हणजे शेगडीपाशी कोणी न बसता स्वयंपाक झाला, तरच वच्छलाचा वर्ग. सगळा भार माझ्यावर.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. वच्छला डाळ-तांदूळ धुऊन डबे मांडी आणि बस गाठी. तुळसाबाई खाटेवर बसून उन्हाबरोबर माझे तोंड फिरवीत. शेजारची गोपिका काचेतून डोकावून म्हणे, "वच्छले, तुह्या सासूले तं बसल्या जागी नोकरी लागली वं."

पण तुळसाबाईंना ते काळे डबे खुपत होते. गावी असताना लोक त्यांच्या भांड्यांकडे पाहून नाक मुरडत. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरात मळके भांडे कोणी पाहिले नव्हते. "काळं भांडं काहून ठेवू मी? कोणी पाहुणा आला तं काय म्हणन?" असे पुटपुटत त्या रोज दुपारी राखेने डबे घासत. डोळ्यांना कमी दिसे, पण बोटांना सगळे समजे. रंग थोडा थोडा जात राहिला. डब्यांनंतर माझ्या पोटातल्या पत्र्याची पाळी आली. मला काही वाटले नाही. पेटीला काय वाटायचे?

भात आधी कणीदार राहू लागला, मग कच्चा. डाळ ताटात वाजू लागली.

"फुकटच्या उन्हावर किती दिवस चालन?" चंद्रभान म्हणाला.

"ऊन तं तेवढंच आहे जी," वच्छला म्हणाली. तिने माझी काच पुन्हा पुसून पाहिली.

एकदा तुळसाबाईंनीच शेगडी पेटवली. डोळा लाल झाला, पाणी थांबेना. दुसऱ्या दिवशी सकाळची बस वच्छलाला न घेता गेली. मग ती रोजच तशी जाऊ लागली. माझ्यात कांदे ठेवले.

पावसाळा सरल्यावर मधुसूदन साहेब पाहणीला आले. तुळसाबाईंनी डबे हौसेने पुढे केले.

"पाहा साहेब, कसे लख्ख ठेवले."

"आजी, यांना काळा रंग होता ना?"

"होता. लय मेहनतीनं काढला."

साहेबांनी कारण समजावले. चंद्रभान म्हणाला, "हे तं तुम्ही सांगतलंच नाही."

"सांगितलं होतं. तुम्ही शेंगदाणे खात होता."

वच्छला चहा ठेवायला म्हणून आत गेली. शेगडी पेटूनही ती बराच वेळ बाहेर आली नाही.

सकाळी तुळसाबाईंनी कंदिलाची काच काढली, वात वर केली आणि एकेक डबा धुरावर धरला. माझ्या पत्र्यालाही तीच काजळी फासली. पदर काळा झाला.

"राहू द्या ना आत्याबाई, डोळे खराब होतीन," वच्छला सासूला म्हणाली.

"तू बस पकड, जाय."

"वर्ग उन्हाळ्यातच संपला."

तुळसाबाईंनी हातातला डबा खाली ठेवला नाही. पूर्ण काळा होईपर्यंत धरून राहिल्या.

त्या दिवशी भात मऊ शिजला. तिघेही जेवले. वच्छला दुपारभर उंबऱ्यावर बसून होती. कोळसा वाचला, रॉकेल वाचले, वेळही वाचला. तो कुठे खर्च करावा, हे तिला ठाऊक नव्हते.

मित्रांनो, घरात इंधन वाचवणारी वस्तू आणाल, तर ती कशाने चालते हे घरातल्या प्रत्येकाला सांगा. चालवणाऱ्याला सांगा, घासणाऱ्यालाही सांगा. मला कोणी आदळले नाही, उकिरड्यावर टाकले नाही. मला फार जपले. तुम्हीही आपल्या वस्तू जपा, पण आधी विचारून.