अप्पांनी काशीला सोडलेलं दूध

काशीला गेलं की खाण्यातली एक वस्तू गंगेत सोडून यायची, म्हणजे जन्मभर तिला तोंड लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आमच्या केज गावातली जाणती माणसं या बाबतीत फार विचार करून सोडतात. किराणावाले सिद्धारामकाका अननस सोडून आले. तोवर त्यांनी अननस पाहिलेला नव्हता. सोडतानासुद्धा नुसतं नाव घेतलं. त्यांच्या मंडळींनी कारलं सोडलं आणि घाटावरच आनंदाने रडल्या.

माझे वडील वैजिनाथअप्पा एक्क्याण्णव साली सिद्धारामकाकांच्याच यात्रेच्या बसमधून गेले आणि दूध सोडून आले.

दूध म्हणजे नुसतं दूध नव्हे. दही, ताक, लोणी, पेढा, चहातला पांढरेपणा, सगळं. देवाला द्यायचं तर आवडीचं द्यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं. रोज झोपताना तांब्याभर दूध पिणारा हा माणूस परत आला आणि गुळाचा काळा चहा पिऊ लागला. आमची म्हैस आठ दिवस त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. म्हशी तशाही उभ्या राहतात, पण आईला वाईट वाटलं.

या रीतीला आणखी एक कलम आहे. सोडलेलं कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर अर्धं पुण्य ऐकणाऱ्याकडे जातं. सिद्धारामकाका गावभर सांगत फिरले, कारण अननसाचं पुण्य असून असून किती असणार. अप्पा मात्र गप्प. आम्हीही गप्प. सहा वर्षं आमच्या घरात दुधाचा विषय निघाला की लोक पावसाबद्दल बोलू लागत.

आमचं कापडाचं दुकान. मुख्य धंदा बस्त्याचा. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी जीप भरून यायची, गादीवर मांडी घालून बसायची आणि सगळ्या लग्नाचं कापड एकाच बैठकीत बांधून न्यायची. यात नवरा-नवरीचं कापड हा सोपा भाग. अवघड भाग मानपानाचा. कुणाच्या मावशीला कुठली साडी, कुठला चुलता फेटा घेईल आणि कुठला टोपीवरच अडून बसेल, कुठल्या आत्याला मागच्या लग्नात काठ बारीक निघाला म्हणून यंदा रुंदच पाहिजे. हे सगळं अप्पांच्या डोक्यात असायचं. कागद नाही, वही नाही. गेवराईपासून शिरूर कासारपर्यंतचे लोक आमच्याकडे यायचे ते या डोक्यासाठी. कापड काय, सगळीकडे सारखंच असतं.

सत्त्याण्णवच्या थंडीत ते डोकं हलायला लागलं.

सुरुवात पायांपासून झाली. पायात मुंग्या यायच्या, आणि अप्पा म्हणायचे, फरशीवर कुणीतरी कापूस पसरलाय. चालताना ते भिंत धरायचे. चालत्या एसटीत माणूस उभा राहतो तसे ते घरात उभे राहायला लागले. मग नावं जायला लागली. मग बोलणंच कमी झालं. गिऱ्हाईक समोर असताना गादीवर बसून शून्यात बघायचे, आणि का हो म्हणून विचारलं तर डोळ्यांत पाणी.

त्याच साली मी लातूरहून तयार कपड्यांसाठी एक प्लास्टिकचा पुतळा आणला होता, सफारी घातलेला. एका दुपारी बघतो तर अप्पा त्याला विचारतायत, "घरी सगळं बरं हाय ना?" दहा मिनिटं ते त्याच्याशी बोलले. मला म्हणाले, "पाव्हणा लई समजूतदार हाय. मधी बोलत न्हाई."

इथवर आम्ही हसण्यावारी नेलं. पण नंतर एका बस्त्यात अप्पांनी नवरीच्या आजीची साडी विहिणीच्या गठ्ठ्यात बांधली आणि विहिणीची आजीच्या. मांडवात दोघींनी आपापल्या परीने त्याचा अर्थ काढला. वरात दोन तास थांबली. त्या रात्री अप्पा जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, "वीरेश, अक्षय तृतीयेपासून गादीवर तू बस. माझं डोकं गेलं."

मी घाबरलो. मला माझ्याच चुलत भावांची नावं पाठ नाहीत. दोघांना तर मी सरसकट "काय मग" म्हणतो. मी गादीवर बसलो असतो तर दोन हंगामांत तालुक्यातल्या सगळ्या आत्या माहेर सोडून बसल्या असत्या. पण अप्पांचा चेहरा बघून ही गंमत सुचेना. त्यांना दुकानाचं दुःख नव्हतंच. ज्या डोक्यात एवढी माणसं होती ते रिकामं होतंय, हे त्यांना आतून दिसत होतं.

शेजारच्या ताराबाईंनी दृष्ट काढली. सिद्धारामकाका म्हणाले, "केबलचा परिणाम हाय. घरात छत्तीस चॅनल घुसल्यावर डोक्यात आधीचं राहणार कुठं?" आमच्याकडे केबल नव्हती, हे त्यांनी मनावर घेतलं नाही.

शेवटी आई आणि मी अप्पांना घेऊन एसटी स्टँडमागच्या नव्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर अभिमन्यू शिरूर कासारकडचा, आई-बाप ऊसतोडीला जाणारे. त्याच्या बहिणीचा बस्ता आमच्याकडेच झालेला. त्याने अप्पांना डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. अप्पांनी डोळे मिटले आणि सरळ माझ्या अंगावर आले. मग त्याने एक लोखंडी चिमटा वाजवून, तो घुमत असतानाच घोट्याला लावला.

"गुणगुण लागती का, अप्पा?"

"न्हाई."

"मला लागली," शेजारच्या स्टुलावरून आई म्हणाली. तिला कुणी हात लावला नव्हता.

त्याने जीभ बघितली. ती लाल आणि सपाट, धुऊन इस्त्री केल्यासारखी. बोटातून रक्त घेतलं, काचेवर पसरून यंत्रातून खूप वेळ बघितलं.

"जेवण काय असतं?"

"सगळं," अप्पा म्हणाले.

"सगळं म्हंजी?"

"भाकरी. भाजी. वरण. सगळं."

"दूध-दही?"

अप्पा छताकडे बघायला लागले. आई म्हणाली, "यंदा पाऊस बरा झाला न्हाई?" मी अप्पांकडे बघितलं. ही रीत मोडायला कुणीतरी लागणारच होतं, आणि रीतिभाती पाळण्याबद्दल माझं नाव तसंही फार चांगलं नव्हतं.

"काशीला दूध सोडलंय," मी म्हणालो. "सहा वर्षं झाली. थेंबभर न्हाई."

"वीऱ्या!" अप्पा खुर्चीतून उठायला गेले, परत बसले. "सहा वर्षांचं अर्धं पुण्य या पोराला दिलंस!"

"फी समजून घेतो," अभिमन्यू म्हणाला. हसला नाही. खुर्ची पुढे ओढून बसला. "अप्पा, वायरीवर कसं वेष्टण असतं? तसंच नसांवर असतं. ते नीट ठेवायला एक जीवनसत्त्व लागतं. ते भाजी-भाकरीत नसतंय. मांस-मच्छीत असतं, अंड्यात असतं, दुधात असतं. तुमचं दूध तेवढं एकच दार होतं, ते बी तुमी लावून घेतलं. आधीचा साठा चार-पाच वर्षं पुरला. आता संपला. म्हणून पाय, म्हणून इसर, म्हणून ते उगीच रडू येणं."

अप्पा हळूच म्हणाले, "म्हंजी डोकं गेलेलं न्हाई?"

"न्हाई. डोकं उपाशी हाय."

गेल्या चार महिन्यांत पहिल्यांदा अप्पांनी मान वर केली.

"उद्यापासून दूध चालू करा," अभिमन्यू म्हणाला.

"ते जमणार न्हाई."

"मग अंडं?"

आई पिशवी घेऊन उठली.

"बसा हो, बसा. मग सुई. लाल रंगाची. आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला एक. ती मात्र कायमची."

"कशापासून बनवतात?" अप्पांनी विचारलं. "म्हशीचं काही न्हाई ना त्यात?"

"न्हाई. जंतूंपासून."

"मरतात का ते?"

अभिमन्यूने प्रामाणिकपणे विचार केला. "अप्पा, खरं सांगू का, त्यांची कुणी चौकशीच करीत न्हाई."

"तोंडाला लागणार न्हाई ना?"

"कमरेला लागंल."

"मग टोच," अप्पा म्हणाले आणि आडवे झाले. "गंगेला तोंड दिलंय, कंबर न्हाई."

सुया सुरू झाल्या. अभिमन्यूने सोबत सकाळी नदीपर्यंत चालणं आणि रात्री वेळेवर झोपणंही लावून दिलं. पंधरा दिवसांत अप्पा पोटभर जेवायला लागले. महिन्याने भिंत सुटली. मग एकेक नाव परत यायला लागलं, तेही वेळी-अवेळी. भाकरी मोडता मोडता मध्येच म्हणायचे, "सुग्रीवच्या साडूची धाकटी, रुचिका!" आणि समाधानाने घास घ्यायचे. आम्ही सगळे रुचिकाला मनात नमस्कार करायचो. पायाच्या अंगठ्यातल्या मुंग्या काही गेल्या नाहीत. अभिमन्यू म्हणाला, उशीर झाला होता, तेवढ्या राहतील. अप्पांची त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती.

अक्षय तृतीयेच्या आधी गेवराईच्या भगवानरावांचा बस्ता आला. अप्पा म्हणाले, "आज मी बसतो. तू शेजारी बस. चुकलो तर उद्यापासून गादी तुझी." मी बसलो.

दुपारपर्यंत सत्तावीस साड्या झाल्या, अकरा फेटे, चार टोप्या. अप्पांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. भगवानराव उठायला लागले तसे अप्पा म्हणाले, "आन् तुमच्या धाकट्या आत्याबाई? त्यांची कुठं हाय?"



"त्यांचं आमचं बोलणं न्हाई," भगवानराव म्हणाले. "नऊ वर्षं झाली."

"कावून न्हाई ते मला म्हाईत हाय. थोरल्याच्या लग्नात तुमी त्यांना रंग इटलेली साडी दिली, असं त्या म्हणतात." अप्पांनी क्षणभर डोळे मिटले. या वेळी कुणाच्या अंगावर आले नाहीत. "तुमी चांगली निवडलती. जांभळी, रुंद काठाची. बांधताना घडीच्या आत बघायला मी इसरलो. तवा तर मी दूध पीत होतो."

भगवानरावांच्या बायकोने पदर सावरला आणि परत मांडी घातली.

"दाखवा मग जांभळी," त्या म्हणाल्या. "उलगडून दाखवा."

अप्पांनी साडी गादीभर उलगडली, या काठापासून त्या काठापर्यंत हात फिरवून बघितली. मग स्वतःशीच म्हणाले, "मी नेऊन देतो. दोष माझा हाय." आणि मला कोपराने ढोसून म्हणाले, "सरक, जागा अडवू नको."

मी उठलो आणि बनियनच्या कपाटाकडे गेलो. तिथं माप खोक्यावर छापलेलं असतं.