सरळ मानेची काडतुसं

सलग तीन शनिवार हेस्टर वर्माकच्या गोळ्या सहाशे मीटरवर ताटभर पसरत होत्या. तिच्या थोरल्या भावाने, गावीने, निकाल देऊन टाकला.

"नळी झिजली तुझी," गावी म्हणाला. "बंदूक टांग भिंतीला. चांदमारीला येताना आमच्यासाठी कॉफी आणत जा."

एकोणसाठ वर्षांची हेस्टर फ्रेझरबर्गच्या आसपासच्या मेंढ्यांच्या शेतांवर लोकर पारखायची. चिमूटभर लोकर बोटांत फिरवून तिची जात सांगायची, आणि खरेदीदार तिचा शब्द खाली पडू देत नसत. नळीत उजेड टाकून तिने आधीच बघितलं होतं. नळी धड होती.

मग उरली काडतुसं. ती गावी भरायचा, अठरा वर्षं, दोघांचीही. उडालेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, प्रेसवर दाबून त्यांच्या फुगलेल्या माना पुन्हा आवळायच्या, नवी दारू, नवी गोळी. हेस्टरने स्वयंपाकघराच्या टेबलावर काच ठेवली आणि तयार काडतुसं एकेक करून घरंगळवली. दहातल्या सात काडतुसांचं टोक लटपटत होतं.

दुसऱ्या दिवशी भावाच्या शेडमध्ये उभं राहून तिने त्याचं काम बघितलं. त्याच्या डायमध्ये, म्हणजे प्रेसवरच्या साच्यात, पुंगळीची मान आधी गरजेपेक्षा जास्त चेपायची, आणि मग आतला लोखंडी मणी ती ओढून रुंद करत बाहेर यायचा. त्या ओढाताणीत मान वाकडी होत होती.

"वाकडी मान, वाकडी गोळी," ती म्हणाली.

"अठरा वर्षं चाललं ते?"

"अठरा वर्षं मी तिसरी येतेय, गावी."

तिने किंबर्लीहून कॉलेटची डाय मागवली. हिच्यात मणी नव्हता. पुंगळीच्या मानेत एक गुळगुळीत दांडी शिरायची आणि बाहेरून कॉलेटची चार पोलादी बोटं मान तिच्यावर दाबायची, बस. मान दांडीइतकीच सरळ. फक्त पुंगळी त्याच बंदुकीत उडालेली हवी, म्हणून हेस्टरने आपल्या पन्नास पुंगळ्या भावाच्या ढिगातून वेचून वेगळ्या डब्यात ठेवल्या.

पहिला प्रयोग फसला. दाबलेल्या पुंगळीत गोळी बसवायला गेली तर ती सरळ आत, दारूच्या जागी घरंगळली. मान आवळलीच नव्हती.

गावी खुर्चीवर मागे रेलून हसला. "वा, ही डाय आहे की लिंबू पिळायचं यंत्र? सरक, जोर लागतो याला." आणि पुंगळी न घालताच त्याने प्रेसचा दांडा सगळ्या ताकदीने खाली दाबला.

आत काहीतरी कचकन मिटलं. चारही बोटं एकमेकांत अडकून बसली.

गावीचं हसू मावळलं. "मी नवीन घेऊन देतो," तो पुटपुटला.

"हात लावू नकोस आता कशाला," हेस्टर म्हणाली.

तिने डाय पान्हा लावून उघडली, बोटांचा तो नळा लाकडी खुंटीने हळूच ठोकून सोडवला, आणि सवयीने त्यावरून तर्जनी फिरवली. बोटांच्या बाहेरच्या उतारावर खरखर लागली. डोळ्याला दिसतही नव्हत्या अशा बारीक रेघा होत्या, लेथवर राहून गेलेल्या. दाब दिला की बोटं तिथेच अडत होती आणि मानेपर्यंत जोर पोचतच नव्हता. गावीने डाय अडकवली नसती, तर तिने ती उघडलीही नसती.

दोन दुपारी ती सर्वांत बारीक पॉलिशपेपर घेऊन तो उतार घासत बसली. मग ग्रीसचं बोट लावून डाय जोडली. पुंगळी घातली, दांडा शेवटपर्यंत नेऊन ठाम दाबला, सोडला, पुंगळी थोडी फिरवून पुन्हा दाबला. या वेळी तळाशी मान दांडीला टेकल्याचं तिच्या तळहाताला कळलं. गोळी घट्ट बसली. काचेवर काडतूस घरंगळलं तेव्हा टोक एका जागी राहिलं.

पन्नासच्या पन्नास तशी भरली.

जिल्ह्याच्या ढालीची स्पर्धा कार्नार्व्हनबाहेरच्या माळावर होती. अंतर नऊशे मीटर. ढालीवर एक्केचाळीस नावं होती, सगळी पुरुषांची, त्यातली शेवटची पाच अपिंग्टनच्या रूडॉल्फ एस्टरहाउझेनची. त्या दिवशीही त्याने दहा गोळ्यांत पन्नासपैकी पन्नास मारले होते. सहा अगदी मधल्या छोट्या वर्तुळात; गुण सारखे झाले तर तीच मोजायची.

"टॅनी, वारा चढतोय," तो तिथल्या रीतीने तिला मावशी म्हणत, आदराने पण जरा आरामातच म्हणाला. "जपून."

"तू तरलास ना त्यातून? मग मीही तरते."

ती पोटावर आडवी झाली. पहिल्या गोळीला पाच गुण. दुसरी मधल्या वर्तुळात. तिसरीही. लक्ष्य खाली जायचं, वर यायचं, आणि गोळीची जागा दाखवणारी पांढरी चकती पुन्हा मध्याजवळ. मागे दुर्बीण लावून बसलेला गावी प्रत्येक वेळी आकडा सांगायचा. नऊ झाल्या तेव्हा पंचेचाळीस, मधल्या वर्तुळात सहा. दहावी मधोमध गेली तरच ढाल.

तेवढ्यात वाऱ्याची निशाणं उलटी वळली. हेस्टरने श्वास सोडला आणि ती थांबली. पंच घड्याळाकडे बघू लागला.

"हेस्टर, वेळ," गावी मागून म्हणाला.

"मला कळतं."

निशाणं पुन्हा पहिल्या दिशेला फिरली, डावीकडे हलकी फडफडली. तिने चाप ओढला.

लक्ष्य खाली गेलं. इतका वेळ लागला की कुणीतरी खोकलं. मग ते वर आलं, आणि चकती बरोबर मध्यावर होती.

रूडॉल्फ सगळ्यांत आधी आला. त्याने टोपी काढली. "काडतुसं कोणी भरली, टॅनी?"

"मीच," हेस्टर म्हणाली. मग तिने गुडघ्यावरची लाल माती झाडली.

जिंकणाऱ्याला खुर्चीवर बसवून खांद्यावर मिरवायची तिथली पद्धत. दांडे बांधलेली खुर्ची आली. गावीची कंबर दोन वर्षं धरलेली, डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलू नको म्हणून सांगितलेलं. तरी तो पुढच्या दांड्याला जाऊन उभा राहिला.

"गावी, तू नको," ती म्हणाली.

"गप्प बस आणि घट्ट धर." त्याने दांडा खांद्यावर घेतला. डोळे भरले होते, ते त्याने पुसले नाहीत. "माझी बहीण आहे."

चौघांनी तिला उचललं. माळावरचे लोक उभे राहून टाळ्या पिटू लागले, गाड्यांचे हॉर्न वाजले. ते तिला सरळ बक्षिसांच्या टेबलाकडे न्यायला निघाले, तशी हेस्टर वरून वाकली.

"असं नको. चहाच्या तंबूला वळसा घालून चला," ती म्हणाली. "रूडॉल्फचे अपिंग्टनवाले तिथे बसलेत."