बाहेरची सही

अण्णांनी छापलेला कागद टेबलावर आपटला, तेव्हा अदिबाच्या कपातला चहा बशीत सांडला.

“हे कुनी लिवलं?”

कागदावर एक साधा मेल होता. ठिबकच्या नळ्यांची अठरा बंडलं रवाना झाल्याचं सिरसाळ्याच्या दुकानदाराला कळवलं होतं, बस्स. त्याने उत्तरात अण्णांनाही घेतलं, म्हणून तो त्यांच्या नजरेस पडला होता. खाली कंपनीचं हिरवं चिन्ह, फोन नंबर आणि नाव: श्रीमती सत्यशीला घोळवे, माल रवानगी विभाग. कारखान्याचे मालक राधाकिशन अण्णा त्यातल्या पहिल्याच शब्दावर बोट ठेवून उभे होते.

“सवाष्न बाई हाय ती. नवरा सुरतला धडधाकट हाय आन् तू तिला श्रीमती करून टाकलं? जित्या मानसाला मारलं की पोरी!”

सगळं ऑफिस माना वर करून बघायला लागलं. अदिबाला कानशिलं तापल्यासारखी वाटली. नोकरी लागून तिला तीनच महिने झाले होते आणि हे तिच्यावर एकटीवर सोपवलेलं पहिलं काम होतं.

काम तसं सरळ होतं. आजवर मेलच्या खाली जो तो मनाला येईल ते टाकायचा. विक्रीच्या रविराजच्या नावाखाली गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ, ती संध्याकाळच्या मेललाही. एकाच्या नावाखाली तर अजून जुन्याच कंपनीचं नाव. अण्णांनी फर्मान काढलं, सगळ्यांच्या सह्या एकसारख्या पाहिजेत, आणि मेल कुठल्याही भाषेत असो, नाव मराठीतच. अदिबाने अडतीस जणांना छापील अर्ज वाटले, आलेली माहिती एका जागी भरली. आता सह्या तिच्या कॉम्प्युटरवरून आपोआप लागत होत्या. स्वतःची सही स्वतः बदलायची सोय कुणालाच उरली नव्हती.

तिने फाइल काढून सत्यशीलाताईंचा अर्ज शोधला. नावाआधी काय लावायचं, त्यापुढे चार शब्द होते आणि श्रीमतीला गोल केलेला होता. एकदा नव्हे, दोनदा गिरवून.

“अण्णा, त्यांनीच केलाय गोल. सरकारी कागदावर आता सगळ्याच बायांना श्रीमती लावतेत, तसं वाटलं असंल.”

“सरकारी कागदावर कायबी असू दे. आपल्याकडं असलं अभद्र चालायचं न्हाई. ती यायच्या आत बदल, आन् सगळ्यांना कळव चूक झाली म्हनून.”

सत्यशीलाताई सासूला डोळे दाखवायला मेडिकल कॉलेजात गेल्या होत्या, दुपारी येणार होत्या. अदिबाने श्रीमती खोडून सौ. केलं. मग अडतीस जणांना मेल पाठवला: टायपिंगच्या चुकीमुळे सौ. सत्यशीला घोळवे यांच्या नावाआधी चुकीचा शब्द पडला, क्षमस्व. चूक तिची नव्हती, तरी तिने ती अंगावर घेतली. अब्बा गेले तेव्हा तिच्या अम्मीच्या नावात काडीचाही फरक पडला नव्हता. सईदा इसाक होती, सईदा इसाकच राहिली. एका शब्दाने माणूस मरतं किंवा वाचतं, हे तिला आज पहिल्यांदाच कळत होतं.

दुपारी सत्यशीलाताई आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. त्यांनी पिशवी ठेवली, कॉम्प्युटर चालू केला आणि मेल वाचला.

“ताई,” रविराज लांबूनच ओरडला, “सुरतला फोन लावा. दाजी वाचले म्हनावं!”

सगळे हसले. ताईही हसल्या, जरा उशिराने. मग उठून अदिबाजवळ आल्या.

“कागदाच्या खोलीत ये जरा.”

त्या खोलीत जुनी बिलं आणि बिघडलेला पंखा होता. अदिबाने आत पाऊल टाकताच माफी मागायला सुरुवात केली.

“ताई, तुमचा गोल चुकून पडला असंल म्हनून मी...”

“चुकून न्हाई पडला.”

अदिबाने वर बघितलं.

“तीन वर्षं झाली त्यांना जाऊन,” सत्यशीलाताई म्हणाल्या. आवाज रोजचाच होता, बंडलं मोजताना असायचा तसा. “ताप आला, दवाखान्यात नेलं, दोन दिसांत संपलं. मी एकटीच सुरतला गेलते. हितं सांगितलं, पुन्याला ट्रेनिंग हाय.”

ते ट्रेनिंग ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. ताईंनी येताना बाकरवडी आणली होती म्हणे. तिची नजर त्या कुंकवावर गेली आणि तिने ती घाईने खाली घेतली.

“पन रोज दुपारी तुमी फोनवर...”

“तो सासूबाईंचा फोन. लेकाचा फोन आलता का, इचारतेत. मी आलता म्हनते. तवा नुकतंच त्यांच्या हार्टचं ऑपरेशन झालतं. डॉक्टर म्हनले, धक्का बसू देऊ नका. म्हनलं, महिनाभरानं सांगू. तो महिना काई संपलाच न्हाई बघ.”

“मग अर्जावर कावून लिवलं?”

सत्यशीलाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“तीन वर्षांत मला पहिल्यांदा कुनी इचारलं, तुझ्या नावाआधी काय लावू. माझे मेल जातेत सिरसाळ्याला, पाटोद्याला, लातूरला. त्या लोकांनी मला कदी बघितलं न्हाई. म्हनलं, एका जागी तरी खरं असू दे. त्यातला एखादा फिरून अण्णांकडं येईल, हे कुटं ठावं होतं?”

“बदलू का परत?”

“नको. आता सगळ्यांना कळवलंस तू.” त्या दारापर्यंत गेल्या. “सौ. च असू दे. सवय झालीय.”

अदिबा जागेवर आली, पण तिचे हात चालेनात. ताईंनी स्वतःच्या हाताने निवडलेलं आपणच खोडलं, वर अडतीस जणांना दवंडी पिटली. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने सह्यांचं पान उघडलं आणि नुसती बघत बसली. प्रत्येक सहीखाली दोन चौकोन होते: ‘कंपनीतल्या मेलला’, ‘कंपनीबाहेरच्या मेलला’. तिने सरसकट दोन्हींत खूण केली होती.

तिने सत्यशीला घोळवे या नावाची दुसरी सही बनवली. सौ. ची आतल्या मेलला लावली, श्रीमतीची बाहेरच्या. अण्णांना जाणाऱ्या मेलवर सौ. च दिसणार होतं. बाहेरच्या एखाद्याने सिरसाळ्यासारखं पुन्हा उत्तरात अण्णांना घेतलं, तर खाली जुना मेल दिसणार आणि नोकरी जाणार, हेही तिला कळत होतं. तरी तिने सेव्ह दाबलं. मग जाऊन ताईंच्या कानात सांगितलं. ताईंनी मान खाली घालून पुढचं बिल ओढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाटोद्याच्या दुकानदाराचं उत्तर आलं. अदिबाला ते कळलं, कारण सत्यशीलाताईंनी तिला हाताने जवळ बोलावलं आणि पडद्याकडे बोट केलं.

श्रीमती सत्यशीलाताई, नमस्कार. माल मिळाला. दोन बंडलं कमी आहेत, कृपया बघावे.

दोन बंडलं कमी असल्याची तक्रार ताई कितीतरी वेळ वाचत होत्या. पहिल्याच शब्दापुढे त्यांची नजर सरकत नव्हती.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. जेवणाची वेळ झाली होती, डबे उघडले जात होते. त्यांच्या सासूबाईंना, सुंदरबाईंना, कमी ऐकू यायचं, म्हणून त्या पलीकडून ओरडूनच बोलायच्या. शेजारी उभ्या असलेल्या अदिबाला शब्दन् शब्द ऐकू आला.

“आलता का गं त्याचा फोन?”

सत्यशीलाताईंनी तोंड उघडलं. नजर अजून पडद्यावरच होती.

“न्हाई आई,” त्या म्हणाल्या. “आज न्हाई आला.”

अदिबाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. फोनमधून घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी येत होती.

“बरं,” सुंदरबाई म्हणाल्या. आज त्या ओरडल्या नाहीत. “लई दिस लावलेस सांगायला, पोरी. तू जेवलीस का?”

सत्यशीलाताईंचा डबा पिशवीतच होता.

“न्हाई अजून,” त्या म्हणाल्या. “बसते आता.”