बाईंच्या डोळ्यांवरचं बालंट

मी एका जुन्या गाडीची पुढची काच बोलतेय. जरा घाईतच बोलतेय, कारण थोड्याच वेळात मला खाली उतरवणार आहेत. माझ्यापायी एका बाईच्या डोळ्यांवर काय बालंट आलं होतं, ते त्याआधी कुणाला तरी सांगून मोकळं व्हायचंय.

माझा जन्म कारखान्यातल्या भट्टीत झाला. तापवलं, वाकवलं, गार केलं आणि गाडीवर बसवलं, बालपण एवढंच. तेव्हा मी इतकी स्वच्छ होते की समोर काच आहे हेच लोक विसरायचे.

गाडी बाईंनी घेतली. बाई परिचारिका. अंथरुणाला खिळलेल्या लोकांकडे घरोघर जाऊन त्या जखमा धुतात, पट्ट्या बदलतात. निवृत्त झाल्यापासून त्यांचे यजमानही पिशवी सांभाळायला शेजारी बसतात. या गृहस्थांनी जन्मात स्टिअरिंग हाती धरलेलं नाही, पण गाडी कशी चालवावी हे त्यांना पक्कं ठाऊक. समोरून ऊन आलं की डोळे घट्ट मिटून घेणार आणि मिटल्या डोळ्यांनी ‘हळू, हळू’ म्हणत राहणार. मला त्यांचा रागही यायचा आणि हसूही.

पुढच्या ट्रकांनी उडवलेली वाळू आणि खडी आधी माझ्या अंगावर यायची. एक कण लागला की टिचभर आवाज आणि बारीकसा टवका. एका टवक्यानं काय होतंय, असं मलाही वाटायचं. पण वर्षं गेली आणि अंगभर देवी आल्यासारखे खळगे पडले. त्यात बाईंच्या बाजूच्या वायपरचं रबर झिजलं, तरी तो आपला इमानेइतबारे घासतच राहिला. सावलीत मी बरी दिसायचे. गॅरेजमध्ये कुणीही माझ्यावर उडती नजर टाकून ‘चालतंय की’ म्हणायचं. उतरतं ऊन समोरून आलं मात्र, की टवका न् टवका पेटायचा आणि मी पांढरीफटक पडायचे.

बाईंना वाटलं, आपलेच डोळे गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळे छान आहेत. दवाखान्यातल्या पाटीवरची शेवटची ओळ बाईंनी घडाघडा वाचली होती, पण पाटीवर कुठे ऊन होतं? त्यांनी चष्मा बदलला, थेंब घातले, कशाचाच उपयोग होईना. परगावचा मुलगा फोनवर म्हणाला, आई, आता वय झालं, गाडी मला देऊन टाक. यजमानांनीही मान डोलावली. गाडी गेली की फेरी बंद, कारण बाईंची अर्धी घरं अशी आडबाजूला की तिथे बस जात नाही. मी जीव तोडून ओरडत होते, अहो, डोळे नाहीत, मी बिघडलेय! पण काच ओरडली तरी फार तर थरथरणार. कुणाच्या लक्षात येतंय?

काल संध्याकाळी शेवटचं घर राहिलं होतं. एका म्हाताऱ्या शिंप्याच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्यात, त्या धुवायच्या होत्या. वळण घेतलं तर सूर्य अगदी समोर, आणि नेमका एक रंगारी शिडी घेऊन रस्ता ओलांडत होता. बाईंनी कचकन ब्रेक दाबला. शिडीचं टोक बॉनेटला टेकलं.

“बाई, दिसत नाही का?” तो खेकसला.

“नाही दिसत,” बाई म्हणाल्या. इतक्या हळू म्हणाल्या की त्याचा राग जागीच ओसरला.

गाडी बाजूला घेऊन त्या उतरल्या आणि मुलाला फोन लावून म्हणाल्या, उद्याच ये आणि गाडी घेऊन जा. इंजिन सुरूच होतं. ते बंद करायला यजमान कसेबसे सरकत बाईंच्या सीटवर आले. किल्ली फिरवली आणि सहज समोर बघितलं, डोळे उघडे ठेवून. मग त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, आत घेतलं, पुन्हा बाहेर काढलं. रंगारी बघतच राहिला.

“अगं, मलाही काही दिसत नाहीये.”

“माझी समजूत काढू नका.”

“समजूत कसली? बाहेरून शिडीच्या पायऱ्या मोजता येतायत आणि आतून हा आख्खा माणूस दिसत नाही. तुझे डोळे ठीक आहेत गं. ही काच गेलीय.”

बाईंनी स्वतः बसून बघितलं. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकून त्या रडल्या. एवढा ठपका डोक्यावर आला आणि मी सुखावले, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. इतकी वर्षं मी शेजारी बसून काय बघत होतो कोण जाणे, असं यजमान स्वतःशीच पुटपुटले. सूर्य बुडेपर्यंत दोघं तिथेच थांबली आणि मग शिंप्याकडे गेली. मुलाला येऊ नको म्हणून कळवलं ते वाटेतच.

आता मी गॅरेजमध्ये आहे. नवी काच भिंतीला टेकून उभी आहे, कोरीकरकरीत. हेवा वाटत नाही असं कशाला म्हणू? बाई पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्यात. मेकॅनिकनं माझ्या कडेचं रबर अर्धं कापलंय आणि मध्येच हात थांबवून तो यजमानांना विचारतोय, जुनी काच घरी न्यायचीय का.

अहो, मला कुठे नेता? माझ्यासाठी हळहळूही नका. फक्त हात जरा भराभर चालवा. नवीला चिकटायलाही वेळ लागतो, आणि ऊन कलायच्या आत बाईंना निघायचंय. शिंपी वाट बघत असेल.